झुनींचे चित्रित घट

पाण्याचा घट रंगवितांना त्याच्या गळ्याभोंवतीं काढलेली रेषा मुद्दाम अपुरी सोडावयाची, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागांत राहणाऱ्या झुनी लोकांची ही जुनी चाल आहे. तिचें मर्म सांगण्यापूर्वीं तो घट घडतो कसा, तें पाहूं.

हें काम परंपरेनें बायकांचें. कुंभाराचें चाक त्या वापरीत नाहींत. मातीच्या लांब वळ्या करून एकीवर एक वेटोळ्यानें चढवितात आणि आंतून-बाहेरून खरवडून अंग सारखें करितात. मातींत जुन्या फुटक्या भांड्यांची पूड घालतात; तिच्यामुळें घट भाजतांना सहसा तडकत नाहीं. आजीचा फुटका घट अशा रीतीनें नातीच्या घटांत पुन्हां उभा राहतो! मग वरून पांढऱ्या मातीचा हात देऊन गुळगुळीत गोट्यानें घोटावयाचें. कुंचला म्हणजे घायपातासारख्या युका नांवाच्या झुडपाचें पान, टोंकाशीं चावून तंतू मोकळे केलेलें. काळा रंग खनिज दगड उगाळून त्यांत रानवनस्पतीचा उकळलेला रस मिसळून होतो, तांबडा मातीचाच. मेंढ्यांच्या वाळलेल्या शेणाच्या आंचेवर भाजलें, कीं काम पुरें.

रूथ बन्झेल या विदुषीनें १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या स्त्रिया कागदावर आराखडा न करितां मनांतलेंच चित्र घटावर उतरवितात, असें नमूद केलें आहे. प्रदेश कोरडा, पीक मक्याचें. तेव्हां मनांत पाऊस असावयाचाच. पूजेच्या वाडग्यांवर बेडूक, त्यांचीं पिलें आणि चतुर हे जलचर व जलप्रिय जीव दिसतात. कांठाच्या पायऱ्या म्हणजे ढग. पाण्याच्या घटावर मोठें वाटोळें फूल, नाहींतर वेलबुट्टीच्या कमानीखालीं उभें हरिण असतें. त्याच्या मुखापासून हृदयापर्यंत एक तांबडी रेषा जाते; ती श्वासाची वाट मानतात.

आतां ती अपुरी रेषा. १८७९ पासून कांहीं वर्षें झुनींत राहिलेल्या फ्रँक कुशिंग यांनीं १८८६ सालच्या निबंधांत तिचें कारण दिलें आहे. घटाला जीव असतो. त्याला जाण्यास वाट हवी. म्हणून रेषेचीं टोंकें जुळवावयाचीं नाहींत. मला स्वतःला हरिणापेक्षां ही मोकळी जागाच अधिक विलक्षण वाटते.

त्याच १८७९ सालीं स्मिथसोनियन संस्थेच्या वतीनें जेम्स स्टीव्हन्सन तेथें गेले, आणि थोडक्या वर्षांत हजारों भांडीं वॉशिंग्टनला पोंचलीं. इतका हव्यास मला तरी बरा वाटत नाहीं. पुढें पत्र्याच्या बादल्या आल्या, रुप्याच्या दागिन्यांत कमाई अधिक दिसूं लागली, आणि घट घडविणारे हात कमी झाले. शाळेंत हा विषय शिकविणाऱ्या डेझी हूई व जेनी लाटे या दोघी बाहेरच्या जमातींतून आलेल्या होत्या, यावरून काय तें समजावें.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत जोसेफीन नाहोहाय ही झुनी स्त्री मुलांना घेऊन वॉशिंग्टनला गेली आणि तेथें जपलेले आपल्या पूर्वजांचे घट तिनें डोळे भरून पाहिले. घरीं परतल्यावर त्या जुन्या आकृति पुन्हां नव्या मातीवर उमटूं लागल्या. तिचे मिलफर्ड आणि रँडी हे मुलगे याच बायकी समजल्या जाणाऱ्या कामांत नांवारूपास आले.