कादंबरी : करमणुकीची आणि परीक्षेची

पुण्यांत १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं एक साप्ताहिक सुरू केलें आणि त्याचें नांव 'करमणूक' असें ठेवलें. याच साप्ताहिकांत 'पण लक्षांत कोण घेतो ?' ही त्यांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. यमू नांवाच्या मुलीनें आपल्या बालपणापासून वैधव्यापर्यंतची हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगावी, अशी या कादंबरीची रचना आहे. इतकी गंभीर आणि अंतःकरण पिळवटून टाकणारी कथा वाचकांच्या हातीं पडली ती करमणुकीच्या नांवाखालीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढें त्याच कादंबरीला मोठी मान्यता मिळाली. तिच्यावर टीकाग्रंथ झाले, उच्च परीक्षांसाठीं ती नेमली गेली, प्रश्नपत्रिकांत तिच्यावर प्रश्न येऊं लागले. मान मोठा खरा. परंतु ज्या कथेचा पुढचा भाग वाचण्यासाठीं एके काळीं वाचकाला आठवडाभर थांबावें लागे, तिच्याच नांवानें कित्येक विद्यार्थ्यांना आज जांभई येते. पुस्तक तेंच आणि अक्षरेंही तींच. मग हा पालट कशामुळें झाला ?

कादंबरी ही अभ्यासाची वस्तु होऊन फार काळ लोटलेला नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावयास हवें. इंग्लंडांत डिकन्सची 'पिक्विक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्यें दरमहा एका भागाच्या रूपानें निघाली आणि घरोघर वाचली गेली. तेथील जुन्या विद्यापीठांत त्या काळीं ग्रीक आणि लॅटिन यांचें राज्य होतें. ऑक्सफर्ड येथें इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी-परीक्षा १८९४ च्या सुमारास सुरू झाली, तर केंब्रिज येथें ती १९१७ मध्यें आली. इकडे बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ मध्यें, म्हणजे ज्या वर्षीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. गुंजीकरांचें 'मोचनगड' १८७१ मध्यें आलें. ही पुस्तकें वाचणाऱ्यांच्या पुढें परीक्षा नव्हती. उलट, कादंबरी वाचणें म्हणजे वेळ दवडणें, असें मानणारी वडील माणसें पुष्कळ घरांत असत. मुलें पाठ्यपुस्तकाच्या आड कादंबरी धरून वाचीत. पुढें कादंबरीच पाठ्यपुस्तक झाली, तेव्हां तिच्या आड धरावयास मुलांनीं दुसरें कांहीं शोधलें. खुद्द हरिभाऊंना विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती; त्यांच्या कादंबऱ्या मात्र पदवी मिळविण्यासाठीं अभ्यासाव्या लागल्या !

स्वखुषीनें वाचणें आणि परीक्षेसाठीं वाचणें यांतील भेद डिकन्सनेंच फार मार्मिकपणें दाखविला आहे. १८५४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'हार्ड टाइम्स' या कादंबरीच्या आरंभीं एका शाळेचा वर्ग आहे. ज्ञान म्हणजे वस्तुस्थितीचा सांठा, असें मानणारा ग्रॅडग्रिंड नांवाचा गृहस्थ तेथें मुलांची परीक्षा घेतो. सिसी ज्यूप या मुलीचा बाप सर्कशींत घोड्यांवर काम करणारा. ती घोड्यांच्या सहवासांतच वाढलेली. परंतु घोड्याची व्याख्या सांग म्हणतांच ती गोंधळते. बिट्झर नांवाचा दुसरा मुलगा घोड्याचे पाय, दांत आणि आहार घडाघडा सांगून शाबासकी मिळवितो. घोडा खरोखर कोणाला ठाऊक आहे, हें वाचकाला वेगळें सांगावें लागत नाहीं.

यमूच्या बाबतींत वर्गामध्यें नेमकें असेंच होतें. "यमूच्या स्वभावाचें वर्णन करा" या प्रश्नाला विद्यार्थी उत्तर लिहितो कीं, ती सोशिक, प्रेमळ आणि समंजस आहे. लेखकानें तिच्या द्वारें विधवांच्या दुःखाला वाचा फोडली आहे. उत्तरांत चूक अशी कांहीं नसते आणि त्याला गुणही मिळतात. परंतु तें उत्तर मार्गदर्शिकेच्या दोन पानांवरून लिहितां येतें. त्यासाठीं कादंबरी उघडावी लागत नाहीं. उलट, एखादी मुलगी सुट्टींत ही कादंबरी हातीं घेते. यमूची मैत्रीण दुर्गी हिचे हाल वाचून ती चिडते. पतीच्या उत्तेजनानें यमूचें वाचन वाढतें आणि मुंबईंत तिचा संसार सुखाचा होऊं लागतो, तेव्हां ती सुखावते. आणि पुढें तें सुख मोडल्यावर यमूच्या केशवपनाचा प्रसंग आला कीं पुस्तक मिटून कांहीं वेळ गप्प बसते. तिला यमूचा स्वभाव पांच ओळींत सांग म्हटलें, तर कदाचित् सांगतां येणार नाहीं. तरी यमू तिला भेटलेली असते. कादंबरीचें खरें कार्य ही भेट घडविणें हें आहे, आणि ती भेट कोणीं कोणाकरितां घेऊन ठेवूं शकत नाहीं.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग शाळेंतून कादंबरी काढूनच टाकावी. तसें करणें मोठ्या अन्यायाचें होईल. ज्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे, त्या घरच्या मुलाला कादंबरी केव्हां तरी सांपडतेच. परंतु ज्या घरीं पंचांगाखेरीज छापील पुस्तक नाहीं, त्या घरच्या मुलाला हें दार शाळेनेंच उघडून दाखवावें लागतें. शाळेंत भेटलेली कादंबरी हीच कित्येकांच्या आयुष्यांतील पहिली कादंबरी असते. तिचा वीट आला तर तीच शेवटचीही ठरते. शिक्षकाच्या माथीं जबाबदारी येते ती येथें. एका परीक्षेंतील गुण कमी झाले तर ते पुढच्या परीक्षेंत भरून काढतां येतात. वाचनाची एकदां विटलेली गोडी पुन्हां लागणें मात्र कठीण असतें.

शिवाय जुन्या ग्रंथाला सांगणाऱ्याची गरजही असते. आलवण म्हणजे काय, सोवळें कसें पाळलें जाई, माजघर आणि ओटी यांत बायकांचा व पुरुषांचा वावर कसा विभागलेला असे, हें आजच्या मुलाला ठाऊक नसतें. ही कादंबरी साप्ताहिकांत येऊं लागली त्या सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून केवढें वादळ उठलें होतें आणि १८९१ मध्यें तो कायदा होऊन मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारा कसें झालें, हें कळलें म्हणजे कादंबरीच्या नांवांतील प्रश्नाला निराळीच धार येते. पुढें १८९६ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं विधवांसाठीं आश्रम स्थापन केला. त्या कार्याची निकड किती होती, हें यमूची कथा वाचणाऱ्याला पटवून द्यावें लागत नाहीं. केवळ कथानकाच्या ओढीनें पानें उलटणाऱ्या वाचकाच्या हातून हें सारें निसटतें. अभ्यास हा आनंदाचा वैरी नाहीं. दुसऱ्या वाचनाचा तर तो सोबतीच आहे.

तेव्हां भांडण अभ्यास आणि आनंद यांचें नसून क्रमाचें आहे. शाळेंत बहुधा प्रथम लेखकाचा परिचय, मग सारांश, मग स्वभावचित्रें, मग संभाव्य प्रश्न आणि वेळ उरलाच तर मूळ पुस्तक, असा क्रम चालतो. हा क्रम उलटा करावयास हवा. प्रथम पुस्तक, तेंही प्रश्नांवांचून. मग मुलांच्या मनांत उठलेल्या शंका. मग शिक्षकाची माहिती. आणि सर्वांच्या शेवटीं परीक्षा. भूक लागल्यावर वाढलेलें अन्न अंगीं लागतें. पानावर बसण्यापूर्वींच पाकक्रिया घोकून घेतली तर भूकच मरते.

अभ्यासक्रम मोठा आणि वेळ थोडा, ही अडचण खोटी नाहीं. परंतु ती सोडविण्याचा मार्ग 'करमणूक' साप्ताहिकानेंच दाखवून ठेवला आहे. आठवड्यांतील एक तास राखून ठेवावा, त्यांत शिक्षकानें अथवा चांगलें वाचणाऱ्या विद्यार्थ्यानें एक प्रकरण मोठ्यानें वाचावें आणि ऐन उत्कंठेच्या जागीं थांबावें. टिपणें नकोत, तात्पर्य नको. पुढें काय होतें हें जाणण्यासाठीं चार मुलें ग्रंथालयाकडे धांवलीं तर त्यांना अडवूं नये; तास सफल झाला असें समजावें. साने गुरुजींनीं १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकाच्या प्रकरणांना 'रात्र' असें नांव आहे. एका रात्रीं एक गोष्ट सांगावी, ऐकणाऱ्यांनीं ती मनांत घेऊन उठावें आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हां जमावें, हीच त्याची रीति. अशा पुस्तकांतील एखादी 'रात्र' कापून तिच्याखालीं दहा प्रश्न जोडले, तर उतारा उरतो, पण ती बैठक नाहींशी होते.

घरच्या मंडळींचाही यांत वांटा आहे. मूल पुस्तकांत गढलेलें पाहून "यांतून काय बोध घेतलास ?" असें लगेच विचारूं नये. रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील कोणी चार पानें मोठ्यानें वाचलीं, तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांची त्यांत सोय होते. आणि आलवण म्हणजे काय, हें सांगावयास कोशापेक्षां आजीच अधिक उपयोगी पडते. एखादें पुस्तक आवडलें नाहीं तर तें मध्येंच सोडण्याची मोकळीकही मुलाला असावी. जें पुस्तक आज सुटलें, तें दहा वर्षांनीं पुन्हां हातीं येण्याचा संभव असतो. जें बळेंच संपविलें, तें बहुधा कायमचें संपतें.

हरिभाऊंनीं आपल्या कादंबरीच्या नांवांत विचारलेला प्रश्न समाजाला उद्देशून होता. विद्यार्थ्यानें तिच्यावरील दहा प्रश्नांचीं उत्तरें बिनचूक लिहिलीं आणि तिच्या नांवांतला प्रश्न मात्र त्याला कधीं ऐकूंच आला नाहीं, तर यमूची हकीकत लक्षांत कोणीं घेतली, असें शाळेला आणि घराला विचारावें लागेल.