कच्चे फोटो पक्के करताना

२०२३ साल अधिक श्रावणाचं होतं. धोंड्याचा महिना म्हणून आईनं आम्हां तिघी बहिणींना जावयांसकट कऱ्हाडला बोलावलं. वाणाचे तेहतीस अनारसे तिनं स्वतः तळले, कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या भाच्यानं नुकताच एक जुना निकॉन कॅमेरा विकत घेतला होता. तो माझ्या गळ्यात अडकवून म्हणाला, "मावशी, आज तू काढ फोटो. मला जेवायचंय." मी आपले सुचतील तसे काढले. पुढे मार्गशीर्षात आई गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर मनासारखा एकच निघाला. आई माजघराच्या खिडकीत बसून फुलवाती वळते आहे आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवून हसते आहे. पण पाठीमागं दुपारचं ऊन! खिडकी पांढरीफटक आणि आईचं तोंड काळंठिक्कर. स्टुडिओत नेला. त्यांनी उजळ करून दिला, तर चेहरा राखेसारखा करडा झाला आणि गालांवर चौकोनी डाग उमटले. स्टुडिओवाले तरी काय करणार? मी दिलेल्या फाइलीत त्यापलीकडं काही नव्हतंच.

भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मावशी, रॉ फाइल ठेवली आहेस ना?" आता रॉ म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक! त्यानं सांगितलं की कॅमेऱ्यानं प्रत्येक फोटो दोनदा साठवला आहे. ज्याच्या नावाशेवटी जे.पी.जी. तो एक, आणि एन.ई.एफ. तो दुसरा. त्या दुसऱ्या फाइली आमच्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हत्या आणि एकेक वीस-पंचवीस एम.बी. जागा खात होती, म्हणून मी त्या पुसून टाकायच्या बेतात होते. दिवाळीच्या साफसफाईत टाकायचं राहून गेलं एवढंच. मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा कॅमेरा असेल, तर न उघडणाऱ्या फाइली पुसण्याआधी त्यांच्या नावाची शेवटची अक्षरं पाहा. निकॉनची एन.ई.एफ., कॅननची सी.आर.२ किंवा सी.आर.३, सोनीची ए.आर.डब्ल्यू. आणि बऱ्याच मोबाइलांची डी.एन.जी. असते.

जे.पी.जी. म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या मतानं शिजवून वाढलेलं ताट. तिखट-मीठ किती, हे त्यानं ठरवलेलं असतं आणि उरलेलं सामान त्यानं टाकून दिलेलं असतं. रॉ म्हणजे तो सगळा शिधा, निवडलेला नाही की शिजवलेला नाही. आकड्यांत सांगायचं तर जे.पी.जी.मध्ये प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये त्याच पायऱ्या १६,३८४. आईचा चेहरा ज्या अंधारात बुडाला होता, तिथं जे.पी.जी.कडं पाच-पंचवीस पायऱ्या उरल्या होत्या. त्या ताणल्या की डाग पडणारच.

पण हा शिधा तसाच पाहता येत नाही. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल, पाव निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली आणि १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. आजही बहुतेक कॅमेरे याच पद्धतीचे आहेत. प्रत्येक ठिपक्याला न दिसलेले दोन रंग शेजारपाजाऱ्यांवरून अंदाजानं भरायचे, हे काम रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचं. अंदाज प्रत्येकाचा थोडा वेगळा. म्हणून एकच फाइल तीन सॉफ्टवेअरमध्ये तीन तऱ्हांची दिसते. डाळ एकच, पण घरोघरी आमटीची चव वेगळी, तसंच.

मग घ्यायचं कोणतं? इथं सल्ले देणारे फार भेटतात. भाच्यानं एक नाव सांगितलं, शेजारच्या इंजिनिअर मुलानं दुसरं, आणि आमच्या ह्यांनी सांगितलं की मोबाइलवर दोन बोटांत होतं ते करायला एवढा खटाटोप कशाला! मी मात्र एक ठरवलं. आधी घरात आहे ते वापरून बघायचं, मग बाहेर जायचं.

घरात आहे म्हणजे कॅमेरा कंपनीचं स्वतःचं. निकॉनचं एन.एक्स. स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि सोनीचं इमेजिंग एज ही फुकट मिळतात. त्यांचा मोठा गुण असा, की फोटो उघडल्याबरोबर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसला होता तसाच दिसतो. नवशिकीला धीर येतो. अवगुणही तेवढाच ठळक. ती फक्त आपल्याच घराण्याच्या रॉ फाइली उघडतात. माझ्या धाकट्या बहिणीकडं कॅनन, भाच्याच्या मोबाइलवर डी.एन.जी. आणि आईचे फोटो तर तिन्ही ठिकाणी विखुरलेले. महिनाभर एन.एक्स. स्टुडिओवर हात बसवला आणि मग मला दुसरं शोधावं लागलं.

सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे अडोबीचं लाइटरूम. २००७ पासून आहे. शिकायला सोपं, आणि शिकवणारे व्हिडिओ हिंदीतसुद्धा हवे तितके. पण २०१५ साली आलेली सहावी आवृत्ती ही एकदा पैसे भरून कायमची घेता येणारी शेवटची. आता ते भाड्यानंच मिळतं. भाडं थांबलं, की लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेर काढून घेता येतात, पण डेव्हलप करायचा भाग बंद होतो. आठवड्याला एक समारंभ टिपून चार पैसे मिळवणारीला हे भाडं जड नाही, तिनं जरूर घ्यावं. वर्षात दोन बारशी आणि एक गणपती काढणाऱ्या माझ्यासारखीनं दरमहा भाडं भरणं मला काही पटलं नाही. एकरकमी पैसे देऊन डी.एक्स.ओ. फोटोलॅब किंवा कॅप्चर वन घेता येतं. दोन्ही उत्तम, पण रक्कम ऐकून मी पदर सावरला.

विकत घेतलं म्हणजे जन्माचं झालं, असंही समजू नये. ॲपलचं ॲपर्चर कितीतरी लोकांनी पैसे मोजून घेतलं होतं. २०१४ साली कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०१८ च्या मोहावे या प्रणालीनंतरच्या मॅकवर ते चालतच नाही. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, मूळ रॉ फाइल वेगळी जपायची आणि तयार झालेला फोटो जे.पी.जी. करून त्याच्याशेजारी ठेवायचा.

शेवटी उरली दोन नावं, दोन्ही फुकट आणि दोन्ही विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारी. डार्कटेबल आणि रॉथेरपी. डार्कटेबलमध्ये फोटोंची मांडणी, निवड, रंगकाम सगळं एका छपराखाली आहे. फोटोचा एखादाच भाग रेघ ओढून वेगळा काढायची सोय तर फारच छान. पण त्याची विचार करायची पद्धत निराळी आहे, आणि इतकी कपाटं आणि इतके खण की सून पहिल्या दिवशी सासरच्या स्वयंपाकघरात उभी राहते तशी मी उभी राहिले. रॉथेरपीतही कप्पे कमी नाहीत, पण ते मला ओळीनं लावल्यासारखे वाटले. शिवाय ते उघडताना फाइलीच्या पोटात दडलेल्या छोट्या जे.पी.जी.शी रंग-उजेड जुळवून घेतं, त्यामुळं फोटो पहिल्या झटक्याला फिक्कट, मरगळलेला दिसत नाही. मी रॉथेरपी घेतलं. माझ्या मैत्रिणीला डार्कटेबल आवडलं, ती त्यातच रमली आहे. यात चूक-बरोबर नाही. कॉम्प्युटरची मेमरी मात्र आठ जी.बी. तरी हवी, सोळा असेल तर काम सुखाचं.

शिकायची माझी तऱ्हा अशी. दुपारची झाकपाक झाली की पाऊण तास. एका दिवशी एकच पट्टी. आज फक्त उजेड, तर आज फक्त उजेडच. आईच्या फोटोला दोन महिने हातच लावला नाही. पुतण्याच्या मुंजीच्या फोटोंवर शिकले. आणि त्यातही धडपडलेच. फोटोंच्या फोल्डरात प्रत्येक फाइलीशेजारी पी.पी.३ नावाची एक चिमुकली फाइल दिसू लागली. कचरा समजून एके दिवशी सगळ्या झाडून काढल्या. आठवड्याचं काम पाण्यात! रॉथेरपी मूळ रॉला कधीच हात लावत नाही. आपण केलेले सगळे फेरफार त्या चिठ्ठीत लिहून ठेवतं. मूळ फोटो शाबूत होते, पण सगळं पुन्हा करावं लागलं. डार्कटेबलच्या चिठ्ठीचं नाव एक्स.एम.पी. असतं. फोटो दुसरीकडं हलवाल तेव्हा चिठ्ठीही बरोबर न्या.

मग एकदाचा आईचा फोटो उघडला. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरं करणं. माजघराच्या भिंती हिरव्या, त्यामुळं आईच्या गालावर हिरवट झाक होती. यासाठी एक ड्रॉपर असतो, तो फोटोतल्या एखाद्या रंगहीन जागेवर टेकवायचा. मी आधी खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर टेकवला, तर आई नारिंगी झाली. चौकट बाहेरच्या उन्हात होती ना! चेहऱ्यावर ज्या उजेडाची छाया आहे, त्याच उजेडातलं पांढरं हवं. आणि ते आईच्या मांडीवरच होतं, फुलवातींचा कापूस. त्यावर टेकवला मात्र, तिच्या साडीचा जांभळा रंग जागच्या जागी आला.

मग उजेड. एक्स्पोजरची पट्टी एक घर सरकवली की उजेड दुप्पट होतो, दोन घरं की चौपट. दीड घर सरकवली आणि चेहरा वर आला, पण खिडकी आणखी फटफटली. तेव्हा एक्स्पोजर थोडं मागं घेतलं, शॅडोज वाढवलं आणि हायलाइट कॉम्प्रेशन लावलं. खिडकीचे गज परत दिसू लागले. बाहेरच्या तुळशीची एक बाजू मात्र आली नाही. जिथं सेन्सरच भरून वाहिला, तिथलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

अंधारातून वर काढलेल्या चेहऱ्यावर रवाळ ठिपके दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. ते घालवायची पट्टी मी सरकवली. काही फरक दिसेना. आणखी सरकवली. तरी दिसेना. मग बरीच सरकवली आणि तसाच छापायला दिला. फोटो घरी आला, ताईनं हातात घेतला आणि नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे गं. पण ही आपली आई नव्हे."

खरंच नव्हती. गाल मेणासारखे गुळगुळीत, डोळ्यांभोवतीची एकही सुरकुती नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची मी चाळिशीतली कुणी परकी बाई करून ठेवली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी रॉथेरपीची माहितीपुस्तिका उघडून बसले, तेव्हा कळलं की ही पट्टी काय करते ते फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला तरच दिसतं. मी आपली आख्खा फोटो पडद्यात मावेल असा छोटा ठेवून सरकवत होते! शंभर टक्क्यांवर डोळ्याशेजारी जाऊन थांबले आणि पट्टी मागं मागं आणत गेले. एकेक सुरकुती परत आली. रंगीत ठिपके तेवढे घालवले, करडे रवे थोडे राहू दिले. कागदावर ते दिसतही नाहीत.

छपाईचं तेवढं सांगते. आठ बाय बारा इंचांचा फोटो हवा असेल, तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबानं २४०० बाय ३६०० ची जे.पी.जी. काढायची, रंगाच्या जागी एस.आर.जी.बी. निवडायचं. आपण पडद्याचा उजेड भरमसाट ठेवतो आणि मग कागदावर फोटो काळपट आला म्हणून स्टुडिओशी भांडतो. आधी चार बाय सहाचा एक नमुना काढून तो दिवसाच्या उजेडात बघावा. माझे असे तीन नमुने झाले, तेव्हा कुठं मन भरलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी चौकट घालून फोटो कऱ्हाडला आला. माजघरात त्याच खिडकीशेजारी लावला. धाकटीनं जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "हनुवटीवरचं गोंदण दिसतंय की!" मी जे.पी.जी. शंभरदा पाहिली होती, तीत ते नव्हतं. ताई काही बोलली नाही. रात्री पानं वाढताना मला म्हणाली, "आणखी दोन काढून घे. एक मला, एक मामांना."