झिजलेली बोटं पुन्हा जाणवतात तेव्हा

बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीकडच्या धानपट्ट्यात मळणी यंत्रात सापडलेला हात कधी कधी कापावाच लागतो. जखम भरून माणूस घरी येतो आणि सांगू लागतो, की नसलेल्या हाताची बोटं खाजतात, मूठ आवळली गेलीय आणि काही केल्या उघडत नाही. घरच्यांना वाटतं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला. तसं मुळीच नसतं. अवयव कापलेल्या बहुतेकांना तो नंतरही जाणवतो आणि त्यातल्या पुष्कळांचा तो दुखतोही. अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांमध्ये हे पाहिलं आणि १८७१ मध्ये त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे नसूनही भासणारा अवयव, असं नाव दिलं.

हे कोडं उलगडायला कुष्ठरुग्णांची मोठी मदत झाली आहे, आणि कुष्ठरोगाशी आपल्या मुलखाची जुनी ओळख. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं, तेव्हा बालाघाट आणि वरोरा एकाच मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. या रोगात नसा बधिर होतात. भाजलं, चिरलं तरी कळत नाही, जखमा चिघळतात, हाड झिजतं आणि बोट वर्षानुवर्षं आखूड होत जातं.

मानसशास्त्रज्ञ मारियान सिमेल यांनी १९५६ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास मांडला. हळूहळू झिजून गेलेली बोटं त्यांना मागाहून जाणवत नव्हती. पण उरलेला खुंट शस्त्रक्रियेनं कापला, की फँटम उमटे, आणि तोही नुसत्या खुंटाचा नव्हे. कधीच झिजून संपलेली बोटं त्यात पुन्हा हजर होत! या विषयातलं इतकं विलक्षण निरीक्षण मला दुसरं माहीत नाही. बोट संपलं, तरी त्याची मेंदूतली नोंद पुसली गेली नव्हती.

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो आणि त्यात हाताशेजारी चेहरा येतो. १९८४ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मायकेल मर्झेनिक यांच्या गटाला दिसलं, की माकडाचं बोट कापल्यावर शेजारच्या बोटांची जागा त्याच्या जागेवर पसरते. पुढे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांना असे रुग्ण भेटले, ज्यांच्या गालाला स्पर्श केला की तो गेलेल्या हातावरही जाणवे. शेजाऱ्यानं बांध कोरावा तसा चेहरा हाताच्या जागेत शिरतो, हे मग पाठ्यपुस्तकांतही आलं.

आता ते डळमळलं आहे. मेंदूशास्त्रज्ञ तमार मेकिन आणि सहकाऱ्यांनी हात कापला जाणार असलेल्या तिघांच्या मेंदूची छायाचित्रं शस्त्रक्रियेआधी घेतली आणि नंतर, एकाच्या बाबतीत तर पाच वर्षांनीही, पुन्हा घेतली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा आढळला; ओठांनी तिथे घुसखोरी केलेली नव्हती. माकडांचे प्रयोग खोटे ठरले असं नाही, पण त्यांवरून काढलेला अर्थ फार ताणला गेला होता, असं मला वाटतं. सिमेल यांच्या रुग्णांनी जे सांगितलं होतं, त्याला हा निष्कर्ष अधिक जवळचा आहे.

दुखण्यावर रामचंद्रन यांनी सुचवलेला उपाय साध्या आरशाचा. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा उभा धरायचा आणि मूठ उघडायची. आवळलेली फँटम मूठ काहींच्या बाबतीत सैल होते. २००७ मध्ये पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवर चार आठवडे हा प्रयोग झाला, तेव्हा आरसा वापरणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच गुण आला नाही. तरी घरातल्या आरशावर भागणारा हा उपाय डॉक्टरांना विचारून करून पाहावा असाच आहे. अशा वेदना होऊ शकतात, हे तर शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला आणि घरच्यांना सांगायला हवं.

नकाशा टिकतो याचा फायदाही आहे. गेलेली बोटं हलवायचा प्रयत्न केला, की मेंदूतली त्यांची जागा जागी होते आणि खुंटातले स्नायू आकसतात. विजेवर चालणारा कृत्रिम हात हेच स्नायूंचे संकेत टिपून उघडतो आणि मिटतो.