ओढ कापसाला, मार सरकीला

कापसाचा तंतू सरकीला मुळाशी धरून असतो. ती पकड तंतूच्या स्वतःच्या बळापेक्षा कमी असते, म्हणूनच तो न तुटता सरकीपासून सुटू शकतो. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या भागांतली जिनिंगची सारी यंत्रणा या फरकावर उभी आहे.

डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरतात. त्यांच्या खरबरीत, चर पाडलेल्या पृष्ठभागाला तंतू चिकटतो आणि रुळाला दाबून बसवलेल्या स्थिर पात्याखालून ओढला जातो. सरकी त्या फटीत शिरत नाही. ती धारेशी अडते आणि हलते पाते तिला ठोके देऊन मोकळी करते. ओढ तंतूला आणि मार सरकीला, ही वाटणी चोख राहिली तरच रुई लांब निघते. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी यांनी 1840 मध्ये पेटंट घेतलेल्या रोलर जिनमधून ही पद्धत वाढत गेली. दातेरी चकत्यांच्या सॉ जिनमध्ये मात्र झटका थेट तंतूलाच बसतो. लांब धाग्याच्या कापसाला तो मानवत नाही.

झटका घातक का, याचे कारण तंतूच्या ताणण्यात आहे. कापसाचा तंतू साधारण सहा-सात टक्के लांबला की तुटतो. गतीतली सगळी ऊर्जा एवढ्याशा लांबण्यात जिरवावी लागते, आणि ती जिरली नाही तर तुकडा पडतो. ओलावा इथे मदतीला येतो. बरेच तंतू भिजल्यावर कमजोर होतात, पण कापूस बळकट होतो. म्हणून उन्हात कोरडाठक्क झालेला कापूस जिनमध्ये जास्त तुटतो. फार ओला कापूसही चालत नाही. त्याच्या गुठळ्या होतात आणि कचरा निघत नाही. रूळही झिजतात. त्यांचे चर बोथट झाले की पकड सुटते, आणि क्रोमने कमावलेल्या चामड्याची भुकटी रुईत मिसळते ती वेगळीच.

हाताच्या पिंजणीत हीच वाटणी अधिक नाजूक आहे. ठोका धनुकलीच्या ताणलेल्या तातीला बसतो, कापसाला नाही. तातीच्या कंपाने गुंता उकलतो.

पुढे बळ पिळाचे. पेळूतले, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतले, तंतू एकमेकांना नुसते टेकलेले असतात. पीळ बसला की ओढीबरोबर ते एकमेकांवर आवळले जातात आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. पीळ कमी पडला तर तंतू घसरतात, फार झाला तर सूत आखडते आणि कस उतरतो. गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा आठ तासांत 16,000 वार सूत निघावे अशी अट त्यात होती. पण वेगाबरोबर पीळही सारखा लागतो, कारण सूत तुटते ते त्याच्या सर्वांत अशक्त जागी. सरासरी तिथे उपयोगी पडत नाही. सुताचा कस मोजताना 120 वारांची लडी एकदम ताणतात.

मागावर ताण्याचे धागे सतत ताणलेले असतात आणि दर आडव्या धाग्यामागे फणीचा ठोका बसतो. एकेक ठोका धागा तोडण्याइतका नसतो, पण फणीच्या घासण्याने पृष्ठभागावरचे तंतू उसवतात आणि धागा हळूहळू थकतो. खळीची पांजणी हे तंतू चिकटवून ठेवते. कापड पहिल्यांदा धुतले की खळ निघून जाते. त्यानंतर दगडावर आपटण्याचा मार ओल्या कापसालाच सोसावा लागतो. तो सोसला जातो, आणि कापड विरते ते आधी घड्यांवर आणि कडांवर.