बनेश फेणे मोठा का झाला नाही?

फास्टर फेणेच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर सगळी मालिका वाचून काढलेले लोकही घुटमळतात. भा. रा. भागवतांनी बनेश फेणेवर २० पुस्तकं लिहिली. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा आणि तोंडाने 'ट्टॉक' करणारा हा किडकिडीत पोरगा प्रतापगडावर गेला, गुलमर्गला गेला, चक्रीवादळात सापडला. एवढं सगळं होऊनही तो शाळकरीच राहिला. त्याची कोणतीही गोष्ट आधी वाचा नाहीतर नंतर वाचा, फारसं बिघडत नाही. मालिका संपत नाही, नुसती थांबते. यात फेणे एकटा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड आणि धनंजय यांना हजाराहून अधिक रहस्यकथांमध्ये पळवलं. तिथे शेवटच्या भागाची अपेक्षा करणंच हास्यास्पद झालं असतं. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांचा झालेला सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासून गुन्हे उकलत होता, तो १९९२ मध्ये राय गेले म्हणून थांबला. आपल्याकडच्या मुलांना ठाऊक असलेल्या रहस्यमालिकांना बहुधा लेखकाचं वय किंवा प्रकाशकाची गरज पूर्णविराम देते, कथा देत नाही. माझं म्हणणं असं, की किशोरवयीन वाचकाचं यात मोठं नुकसान होतं, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात ते जास्त जाणवावं अशी कारणं आहेत.

शेवटचा भाग नेमकं काय करतो, ते आधी पाहू. गुन्हेगार कोण हे सांगणं हे त्याचं मुख्य काम नव्हे; ते प्रत्येक भाग आपापल्या परीने करतच असतो. शेवटचा भाग मागचे सगळे भाग बदलतो. तिसऱ्या पुस्तकात सहज येऊन गेलेलं एखादं पात्र किंवा चुकीचं वाचलेलं एखादं पत्र सातव्या पुस्तकानंतर वेगळं दिसू लागतं, आणि वाचक पुन्हा मागे जातो. याचं उत्तम उदाहरण कादंबरीतलं नाही, वाशीमच्या इतिहासातलं आहे. वाकाटकांचा इतिहास अभ्यासक बरीच वर्षं जुळवत होते, पण वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला त्यांची एक स्वतंत्र शाखा राज्य करत होती याचा पत्ता नव्हता. १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि ही शाखा उजेडात आली. खरी गंमत पुढे आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख त्याआधीच वाचून छापलेला होता, पण त्यातलं या शाखेच्या सर्वसेन राजाचं नाव नीट लागलं नव्हतं. ताम्रपट हाती आल्यावर वा. वि. मिराशींनी तो लेख पुन्हा वाचला, तेव्हा सर्वसेन जागच्या जागी सापडला. पुरावा दगडावर दीड हजार वर्षं कोरलेला होता. तो ओळखायला शेवटचा धागा लागला. चांगल्या रहस्यमालिकेच्या अखेरच्या भागाने वाचकाकडून करून घ्यायची मेहनत हीच.

अखेरच्या भागात सगळीच कुलपं उघडली पाहिजेत असं मात्र नाही. लेमनी स्निकेट या नावाने डॅनियल हँडलर यांनी तीन अनाथ भावंडांची १३ पुस्तकांची मालिका १९९९ ते २००६ या काळात लिहिली. तिच्या शेवटच्या पुस्तकात अनेक कोडी तशीच राहतात. भावंडं मोठी झाली आहेत आणि आता सगळी उत्तरं मिळणार नाहीत हे त्यांना कळलं आहे, एवढं मात्र पक्कं होतं. काही वाचक त्यावर चिडले, आणि त्यांची चीड समजण्यासारखी आहे. तरी तो शेवट आहे, कारण तो त्या मालिकेच्या भावाला धरून आहे. ही कसोटी परदेशी नाही. कवीने मूळ कथानक जसंच्या तसं न घेता रसाच्या गरजेप्रमाणे घडवावं, असं नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त म्हटलं. उदाहरण म्हणून त्याने कालिदासाच्या जोडीने ज्या काव्याचं नाव घेतलं, ते याच सर्वसेनाचं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य. ते काव्य आज हरवलेलं आहे; अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत उद्धृत झालेल्या तुकड्यांतूनच ते आपल्याला माहीत आहे. वाशीममध्ये शोधकथा घडवू पाहणाऱ्या लेखकाला यापेक्षा चांगलं हरवलेलं पुस्तक कुठे मिळणार?

आता नुकसानीबद्दल. दहा वर्षांच्या मुलाला न वाढणारा नायक हवाच असतो. तो कधीही हाक मारली की हजर. पण तेच मूल पंधराचं होतं. रिसोड, मानोरा, कारंजा इथल्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत दहावीनंतर शिकवणीसाठी अकोला, लातूर किंवा नांदेड गाठायची वेळ हीच. ते मूल स्वतः घर सोडतंय आणि त्याचा नायक अजून शाळेच्या मैदानावर. अशा वेळी मूल मालिका पुरी करत नाही, ते ती टाकून देतं आणि तिच्याबरोबर 'लहानपणीची' मराठी पुस्तकंही टाकून देतं. हॅरी पॉटरच्या मालिकेत नायक अकराव्या वर्षी आत येतो आणि सातव्या पुस्तकात सतराव्या वर्षी बाहेर पडतो. वाचकाला वय वाढल्याची लाज वाटावी अशी जागाच ती ठेवत नाही. आपल्याकडे ही उणीव सिनेमाला आधी कळली. २०१७ च्या 'फास्टर फेणे' चित्रपटात अमेय वाघचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागतो. पुस्तकांनी जे वय त्याला दिलं नाही ते पडद्याने दिलं. शिवाय दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतांनाही कथेत आणून बसवलं.

यावर पहिला आक्षेप असा, की नायकाला निरोप देणं वाचकच खपवून घेत नाहीत. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं आणि १९०३ मध्ये त्याला जिवंत करावं लागलं. खरं आहे, पण होम्सचा तो मृत्यू लेखकाच्या कंटाळ्यातून आला होता, मालिकेच्या आखणीतून नव्हे. याउलट अगाथा ख्रिस्तीने आपल्या गुप्तहेर पॉयरोची शेवटची कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलूपबंद ठेवली, मधली तीसेक वर्षं त्याच्यावर लिहीतच राहिली, आणि १९७५ मध्ये ते पुस्तक बाहेर काढलं. शेवट ठरलेला असला की मधलं लेखन आटतं असं नाही. फेणेला आता कुणी दुसऱ्याने शेवट जोडावा असंही मी म्हणत नाही. भागवतांचा फेणे आहे तसाच राहू दे. प्रश्न पुढच्या मालिकांचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो ग्रंथपालाच्या टेबलापलीकडून येतो. तालुक्याच्या किंवा गावच्या वाचनालयात मालिका क्रमाने मिळत नाही. दुसरा भाग कुणी नेलेला, पाचवा फाटलेला, पहिला आलाच नाही. तिथे सुटी सुटी पुरी होणारी गोष्टच कामाची. क्रमाने वाचावी लागणारी मालिका म्हणजे अर्ध्या वाटेवर सोडलेला वाचक. फेणेसारखी रचना इतकी वर्षं का टिकली याचं एक कारण यातच असावं, आणि ते मला मान्य आहे. पण यातून शेवटच नको असं निघत नाही. प्रत्येक भागातला गुन्हा त्याच भागात सुटावा आणि फक्त एक बारीक धागा पुढे जावा, अशी बांधणी करता येते. मधला भाग हुकला तरी गोष्ट हातची जात नाही. उलट न संपणारी मालिका ग्रंथालयाला कधीच पुरी घेता येत नाही, कारण ती किती भागांची आहे हे लेखकालाही माहीत नसतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या छोट्या वाचनालयांकडे पुस्तकखरेदीला पैसा बेताचाच असतो. त्यांना सहा भागांचा पुरा झालेला संच एका यादीत, एका बिलावर मागवता येतो, आणि कपाटात चौथा भाग नसला तर तो नाही हे कळतं तरी.