माणूस पाहावा की धोरण पाहावे?

निवडणूक जवळ आली की आमच्या कामोठ्यात संध्याकाळी एकच बोलणे चालते. कोणाला मत द्यायचे? आम्ही ओट्यावर बसलेलो असतो. कोणीतरी म्हणतो, "मास्तर, मानूस बरा हाय, मंग आपल्याला दुसरा काय पायजे?" दुसरा म्हणतो, "मानूस बरा हाय, पन तो करनार काय?"

दोघेही आपापल्या परीने बरोबर बोलतात. म्हणून या प्रश्नाचा आपण नीट विचार करू.

आधी धोरण म्हणजे काय ते पाहू. आपण घरात ठरवतो की, यंदा भात विकून आधी कर्ज फेडायचे, मग लग्न काढायचे. हे घरचे धोरण झाले. सरकारही तसेच ठरवते. पैसा कोठे खर्च करायचा, कोणाला काय द्यायचे, कोणत्या नियमाने द्यायचे, हे ते ठरवते. ते कागदावर येते. माणूस आज आहे, उद्या नाही. कागद मागे राहतो.

आता आपल्याच भागातली गोष्ट घ्या. पूर्वी कामोठे म्हणजे भातशेती आणि खाडी. मुंबईच्या पलीकडे नवे शहर वसवायचे असे सरकारने ठरवले. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायच्या होत्या. जमीन गेली की शेतकऱ्याच्या हातात थोडे पैसे यायचे. त्या पैशात कोणी घर दुरुस्त केले, कोणी पोरीचे लग्न केले. दोन वर्षांत पैसे संपले. जमीन तर गेलीच होती.

त्या वेळी लोकांच्या बाजूने दि. बा. पाटील उभे राहिले. ते उरण तालुक्यातल्या जासईचे. जन्म १९२६ चा. शिकून वकील झाले. शेतकरी कामगार पक्षातर्फे पाच वेळा आमदार झाले, दोन वेळा खासदार झाले. १९८४ च्या जानेवारीत जासई, पागोटे, नवघर या भागात मोठे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मरण पावले. आम्ही तेव्हा विशीत होतो. त्या रात्री गावात चूल पेटली नाही, हे आम्हाला अजून आठवते.

हजारो माणसे गोळीसमोर कशी उभी राहिली? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. आमचे मत असे आहे की, लोकांचा त्या एका माणसावर भरवसा होता. हा माणूस सरकारशी बोलायला आत जाईल आणि स्वतःचे काही पदरात पाडून बाहेर येईल, अशी शंका कोणाच्या मनात नव्हती. असा भरवसा भाषणाने मिळत नाही. तो माणसाच्या वागण्यातून वर्षानुवर्षे साठत जातो. २०१३ साली ते वारले. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२१ साली, नव्या विमानतळाला त्यांचेच नाव द्यावे म्हणून माणसे पुन्हा हजारोंनी रस्त्यावर आली. त्यात पंचविशीतली पोरेही होती. त्यांनी १९८४ पाहिले नव्हते.

मग माणूसच मोठा ठरला की नाही? थांबा. आणखी एक बाजू आहे.

समजा, त्या आंदोलनात नुसते "एकरी पैसे वाढवून द्या" एवढेच मागितले असते. पैसे वाढले असते आणि तेही संपले असते. पण मागणी वेगळी होती. आमच्या जमिनीवर शहर होणार, तर त्या शहरात आम्हालाही जमीन द्या, अशी ती मागणी होती. पुढे १९९० च्या सुमारास नियम निघाला. त्यालाच आपण साडेबारा टक्के म्हणतो. गेलेल्या शंभर गुंठ्यांमागे साडेबारा गुंठे विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, असा तो नियम. विकसित म्हणजे रस्ता, पाणी, गटार असलेली. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून शाळा, मैदान वगैरेंसाठी तीस टक्के कापतात. हातात साडेतीन गुंठे उरतात. थोडे वाटतात ना? पण शहरातला साडेतीन गुंठ्यांचा भूखंड काय किमतीचा असतो, ते कामोठ्यातल्या माणसाला सांगायला नको.

हा नियम दिबांच्या ओळखीच्या माणसांपुरता नव्हता. त्यांना कधीही न भेटलेल्या म्हातारीलाही तो लागू झाला. चांगला माणूस दहा जणांना मदत करतो. चांगला नियम त्याने न पाहिलेल्या माणसापर्यंत जातो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. बॅरिस्टर अंतुले आपल्या रायगडचे. ते १९८० साली मुख्यमंत्री झाले. सिमेंटचा परवाना आणि देणग्या यांवरून मोठे प्रकरण झाले. हायकोर्टाचा निकाल विरुद्ध गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे खटले बरीच वर्षे चालले. त्यांना शिक्षा झाली नाही, ते दिल्लीत मंत्रीही झाले. पण त्यांचे नाव निघाले की लोक आधी सिमेंट आठवतात. मात्र संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात, १९८० साली सुरू झाली. ती अजून चालू आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा दीड हजार रुपये झाली. ज्या विधवा बाईला ते पैसे मिळतात, ती अंतुले कसे होते ते विचारत नाही. तिने का विचारावे?

म्हणजे धोरणच मोठे, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. नियम कागदावर असतो, पण तो राबवायला माणूसच लागतो. साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायला कित्येकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. दाखला आणा, वारसाची नोंद आणा, उद्या या. या "उद्या या" मधूनच दलाल जन्माला आले.

येथे आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमच्या भावकीत एक काकी आहेत. नवरा लवकर वारला. त्यांच्याकडे एक गृहस्थ येऊ लागले. गोड बोलायचे, माळ घातलेली, दारूला शिवत नसत. आमच्या शाळेला त्यांनी पाण्याची टाकी दिली होती. ते काकींना म्हणाले, "तुमच्या भूखंडाचे सगळे काम मी करतो, तुम्ही फक्त सही करा." काकींनी आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "माणूस चांगला आहे, द्या अंगठा." कागद आम्ही वाचला नाही. आम्ही शिक्षक होतो, वाचता येत होते, तरी वाचला नाही. ते कुलमुखत्यारपत्र होते. म्हणजे काकींच्या वतीने सगळा व्यवहार करायचा हक्क त्यांनी लिहून दिला होता. थोडे आगाऊ पैसे मिळाले, तेवढेच. त्या भूखंडावर आज मोठी इमारत आहे. काकी त्या रस्त्याने जात नाहीत.

आपण पुढाऱ्याचे वागणे पाहतो म्हणजे नेमके काय पाहतो? दारू पितो का, वारीला जातो का, मयताला येतो का, आपल्याला नावाने हाक मारतो का. हे वाईट नाही. पण हे घरचे वागणे झाले. मत देताना दुसरे वागणे पाहावे लागते. दुसऱ्याचा पैसा हातात आला तेव्हा त्याने हिशेब दिला का? आपल्याला एक आणि साहेबाला दुसरेच सांगतो का? नुकसान होत असतानाही तो शब्दाला राहिला का? दिबांकडे लोकांनी हे पाहिले होते. आम्ही त्या गृहस्थाकडे नुसती माळ पाहिली.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात गेले. आता एका प्रभागातून तीन-चार नगरसेवक निवडायचे असतात. मागच्या निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार काकींच्या दारात आला, वाकून पाया पडला आणि हातात पत्रक दिले. काकी आता साक्षरतेच्या वर्गाला येतात. त्यांनी त्याला थांबवले. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. "मालमत्ता करात सवलत" या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"बाळा, किती सवलत? आनि कंदीपासून?"

तो म्हणाला, "काकी, ते निवडून आल्यावर ठरवू."

"मंग तवाच ये," काकी म्हणाल्या, आणि पत्रक घडी करून त्याच्या हातात परत दिले.