जुनं राहू दे, नवंही येऊ दे

‘विंडोज १०’ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर तसा ठणठणीत, पण ‘विंडोज ११’च्या अटींत बसेना. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘ताई, फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल.’’ सगळं म्हणजे गटाचे सहा वर्षांचे हिशेब, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, सहलींचे फोटो! ते घालवायला कोण तयार होईल?

खरं तर काहीच घालवावं लागत नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम सुखाने नांदतात. मी ‘लिनक्स मिंट’ निवडली. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते.

पहिलं काम बॅकअपचं. सगळ्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि त्यातल्या चार-पाच उघडूनही पाहिल्या. याशिवाय पुढे जाऊच नका. ‘बिटलॉकर’ चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्सला तिथल्या फाइल्स नीट वापरता येत नाहीत.

मग विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून सी ड्राइव्ह लहान करून ५० जीबी जागा मोकळी केली. भरल्या कपाटात साड्या सारून एक कप्पा रिकामा करतो ना, अगदी तसंच! मिंट ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करून घेतली होती. ती इन्स्टॉल न करताही चालवून बघता येते. वाय-फाय, प्रिंटर, मराठी टायपिंग असं सगळं आधीच तपासून घेतलं.

खरी कसोटी पुढे. इन्स्टॉल करताना एक पर्याय येतो विंडोजच्या शेजारी बसवण्याचा आणि दुसरा अख्खी डिस्क पुसण्याचा. दुसऱ्यावर चुकूनही क्लिक नको. घाई न करता प्रत्येक ओळ वाचा आणि मध्येच वीज जाणार नाही, याची सोय आधी बघा.

आता कॉम्प्युटर सुरू केला की तो विचारतो, मिंट की विंडोज? इंटरनेटची कामं मिंटवर होतात. एक्सेलमधले हिशेब ‘लिब्रेऑफिस’मध्ये उघडतात. जुना प्रोग्रॅम लागला तर विंडोज आहेच.

तेव्हा कुणी ‘सगळं जाईल’ म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. ‘‘शेजारी बसवता येईल का?’’ एवढं जरूर विचारा.